डायर स्ट्रेट्सचा 'कम्युनिके': एका दुसऱ्या अल्बमबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डायर स्ट्रेट्स हा ब्रिटिश रॉक बँड म्हटला की लोकांना 'सुल्तान्स ऑफ स्विंग' हे गाणं आठवतं, नाहीतर थेट 'ब्रदर्स इन आर्म्स' हा अल्बम. मधला 'कम्युनिके' मी कुणाला ऐकवला की पाच मिनिटांत प्रश्न येतो, "हा त्यांचा पहिलाच ना?" गेली पंचवीसेक वर्षं हे असंच चाललंय. मित्र, गिटार शिकणारी मुलं, जुन्या तबकड्या जमवणारे असे सगळे जे विचारतात त्याची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवतो. हा अल्बम मला मनापासून आवडतो, त्यामुळे उत्तरांत माझं मत येणारच.

हा अल्बम कधीचा आणि त्यात कोण कोण आहे?

लंडनच्या डायर स्ट्रेट्सचा हा दुसरा अल्बम, जून १९७९ मध्ये निघालेला. नऊ गाणी आहेत. तबकडीच्या पहिल्या बाजूला चार, दुसऱ्या बाजूला पाच, सगळी मिळून साधारण पावणेत्रेचाळीस मिनिटं. वाजवणारे मूळचेच चौघे: गाणं आणि मुख्य गिटार मार्क नॉफ्लर, साथीची गिटार त्याचा धाकटा भाऊ डेव्हिड, बेसवर जॉन इल्स्ली आणि ड्रमवर पिक विदर्स. गाणी मार्कने लिहिलेली.

नावाचा उच्चार काय करायचा?

'कम्युनिके'. शब्द मूळचा फ्रेंच, अर्थ अधिकृत निवेदन. सरकारं आणि दूतावास प्रसिद्धीला देतात तसं पत्रक. आणि नॉफ्लर या आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमधला सुरुवातीचा 'के' बोलायचा नसतो, म्हणजे 'क्नॉफ्लर' म्हणू नका.

या बँडच्या संगीताला रूट्स-रॉक म्हणतात, म्हणजे काय? इंग्रज बँडची मुळं अमेरिकेत कशी?

रॉक संगीत ज्या जमिनीतून उगवलं ती जमीन म्हणजे ब्लूज, कंट्री, लोकगीतं आणि सुरुवातीचं रॉक अँड रोल. जो बँड त्या जमिनीकडे परत जातो, मोठ्या आवाजाचा आणि यंत्रांचा पसारा आवरून साध्या ठेक्यावर गाण्यातून गोष्ट सांगतो, त्याच्या संगीताला रूट्स-रॉक म्हणतात. इंग्लंडमध्ये सत्तरच्या दशकात पबमध्ये वाजवणाऱ्या बँडांनी हा बाज जिवंत ठेवला होता.

मार्क नॉफ्लर ग्लासगोत जन्मला आणि इंग्लंडच्या ईशान्येला ब्लाइथ गावात वाढला. लीड्समध्ये त्याने बातमीदारी केली, इंग्रजीची पदवी घेतली आणि पुढे शिकवण्याची नोकरी केली. त्याच्या वाजवण्यावर ओक्लाहोमाच्या जे. जे. केल या गायक-गिटारवादकाची छाप स्पष्ट ऐकू येते: घाई नाही, आवाज चढवणं नाही, गाणारा जणू ओट्यावर बसून बोलतोय. पण त्याच्या गाण्यातले रस्ते, गोद्या आणि बाजार लंडनचे. अमेरिकी चाल आणि इंग्रजी पत्ता या जोडीवर डायर स्ट्रेट्स उभा राहिला. त्यांनी सुरुवात केली ती १९७७ मध्ये, लंडनच्या डेप्टफर्ड भागात. तेव्हा सगळ्या शहरात पंक या कर्कश रॉकचा गोंगाट होता, आणि त्या गोंगाटात हे चौघे हळू आवाजात वाजवत होते. हे धाडस मला आजही मोठं वाटतं.

पहिल्या अल्बमचं काय झालं होतं?

दुसऱ्याची सगळी कथा याच उत्तरात दडली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

१९७७ मध्ये त्यांनी १२० पाउंड खर्चून पाथवे या छोट्याशा स्टुडिओत पाच गाण्यांची टेप केली. ती बीबीसी रेडिओ लंडनच्या चार्ली गिलेट यांच्याकडे पोचली. त्यांनी ती आपल्या 'हॉन्की टॉन्क' या कार्यक्रमात वाजवली आणि त्यातून व्हर्टिगो कंपनीचा करार मिळाला. मग १९७८ मध्ये बँडच्याच नावाचा पहिला अल्बम निघाला. 'सुल्तान्स ऑफ स्विंग' त्याच वर्षी मे महिन्यात सुटं गाणं म्हणून निघालं, पण ब्रिटनमध्ये फारसं कुणी वळून पाहिलं नाही.

गाडी हलली ती १९७९ च्या सुरुवातीला, आणि तीही समुद्रापलीकडे. अमेरिकन रेडिओने गाणं उचललं. मार्च-एप्रिलपर्यंत ते तिथे चौथ्या क्रमांकावर आणि ब्रिटनमध्ये आठव्या क्रमांकावर पोचलं. अल्बम अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेला. म्हणजे ज्या अल्बमला लोक १९७८ चा म्हणतात, तो बहुतेक श्रोत्यांच्या घरात १९७९ च्या वसंतात आला.

मग दुसरा इतक्या घाईने का काढला?

आता तारखा शेजारी शेजारी मांडून पाहा. 'कम्युनिके'चं रेकॉर्डिंग झालं नोव्हेंबरच्या अखेरीपासून डिसेंबर १९७८ च्या मध्यापर्यंत. दोन आठवड्यांचं काम. जानेवारी १९७९ मध्ये मिक्सिंग, म्हणजे सगळ्या वाद्यांचे आवाज एकत्र जुळवणं, झालं. 'सुल्तान्स' जगभर गाजायच्या आधीच दुसरा अल्बम डब्यात तयार होता.

त्यामुळे "यश मिळालं आणि ते वटवायला त्यांनी घाईघाईने तसाच दुसरा केला" हे जे सर्रास लिहिलं जातं, त्याचा निम्मा भागच खरा आहे. बाजारात आणण्याची घाई कंपनीने केली असं म्हणता येईल. पण स्टुडिओत वाजवताना या चौघांना पहिल्या अल्बमचं पुढे काय होणार याची कल्पनाही नव्हती. ज्या यशाची नक्कल केल्याचा ठपका त्यांच्यावर आला, ते यश रेकॉर्डिंगच्या वेळी अजून मिळालंच नव्हतं! मला या अल्बमबद्दल एकच गोष्ट सांगायला दिली तर मी हीच सांगेन.

श्रोत्यांच्या बाजूने पाहिलं तरी त्यांचंही चुकलं नाही. एप्रिलमध्ये विकत घेतलेली तबकडी अजून रोज वाजतेय, तिच्यातली गाणी धड पाठ झाली नाहीत, आणि जूनमध्ये दुकानात त्याच बँडची दुसरी उभी. पंगतीत पहिला वाढप संपायच्या आत दुसरा आला की चव वेगळी असली तरी जिभेला कळत नाही.

रेकॉर्डिंग बहामात का झालं? वेक्सलर आणि बेकेट कोण?

बहामाच्या नॅसॉ शहरात कंपास पॉइंट नावाचा स्टुडिओ होता, आयलंड रेकॉर्ड्सच्या ख्रिस ब्लॅकवेल यांनी १९७७ मध्ये उभा केलेला. लंडनच्या डिसेंबरातून उठून हे चौघे कॅरिबियन उन्हात गेले. त्याचा परिणाम 'फॉलो मी होम'मध्ये सरळ ऐकू येतो. ते गाणं वाळूत पाय रुतावा तसं चालतं.

निर्माते दोघे होते. जेरी वेक्सलर म्हणजे अटलांटिक रेकॉर्ड्सचे दिग्गज, रे चार्ल्स आणि अरीथा फ्रँकलिन या गायकांबरोबर काम केलेले. तरुणपणी 'बिलबोर्ड' या संगीत साप्ताहिकात असताना 'ऱ्हिदम अँड ब्लूज' हा शब्द रूढ केला तो त्यांनीच. बॅरी बेकेट अलाबामाच्या मसल शोल्सचे कीबोर्डवादक. मिक्सिंगही मसल शोल्सलाच झालं. या अल्बमवर जो थोडाफार कीबोर्ड ऐकू येतो तो बेकेट यांचाच, टोपणनावाने वाजवलेला.

मुळांकडे जाऊ पाहणाऱ्या इंग्रज पोरांना मुळं जपणारी ही दोन माणसं भेटली. त्यांनी काय केलं हे ऐकायचं असेल तर पिक विदर्सच्या ड्रमकडे कान द्या. कुठेही धडाका नाही, प्रत्येक ठोका मोजून दिलेला, आणि दोन ठोक्यांमधली जागा रिकामी सोडलेली. पहिल्या अल्बममधला लंडनच्या रस्त्यांचा करकरीतपणा इथे निवला आहे, सगळं मऊ आणि मोकळं झालं आहे. काही श्रोत्यांना हेच खटकलं. "धार गेली" असं त्यांना वाटलं.

श्रोत्यांनी त्याचं स्वागत कसं केलं?

विक्रीच्या याद्या पाहिल्या तर कुणीही खूश व्हावं. ब्रिटनमध्ये पाचवा क्रमांक, म्हणजे पहिल्या अल्बमइतकाच. स्वीडन आणि न्यूझीलंडमध्ये पहिला. जर्मनीत तर तो यादीत आला तोच पहिल्या क्रमांकावर, आणि त्या वेळी त्यांचा आधीचा अल्बम तिसऱ्या क्रमांकावर होता. अमेरिकेत मात्र अकराव्यावर थांबला, जिथे पहिला दुसऱ्यापर्यंत गेला होता.

पण लोकांनी विकत घेतलं म्हणजे कवटाळलं असं होत नाही. 'लेडी रायटर' सुटं गाणं म्हणून निघालं आणि ब्रिटनमध्ये ५१ व्या, अमेरिकेत ४५ व्या क्रमांकावर अडकलं. ज्याच्या भरवशावर अल्बम पुढची दोन वर्षं चालावा असं गाणं त्याला मिळालं नाही. समीक्षकांचा सूर साधारण एकच होता: बँड चांगलाच आहे, पण हे आम्ही ऐकलंय. पुढे ऑलम्युझिक या संगीताच्या संकेतस्थळावरच्या समीक्षेत तर याला पहिल्याची कार्बन कॉपी म्हटलं गेलं, आणि तो शिक्का आजतागायत पुसला गेलेला नाही.

थोरला भाऊ हुशार म्हणून नाव काढून गेलेला, आणि पुढच्याच वर्षी धाकटा त्याच वर्गात येऊन बसतो. मास्तर हजेरीला थोरल्याच्याच नावाने हाक मारतात. धाकट्याचं अक्षर कसं आहे ते वही उघडून कुणी पाहतच नाही. 'कम्युनिके'च्या वाट्याला हे आलं.

१९८० च्या ग्रॅमी संगीत पुरस्कारांसाठी बँडला दोन नामांकनं मिळाली, उत्तम नवोदित कलाकार म्हणून आणि रॉक सादरीकरणासाठी. त्यातलं दुसरं कशासाठी होतं? 'सुल्तान्स'साठीच. दुसरा अल्बम दुकानात येऊन सात-आठ महिने झाले होते, तरी दुनिया पहिल्याबद्दलच बोलत होती.

जर्मनीत थेट पहिला क्रमांक कसा?

एक मोठं कारण मला दिसतं. फेब्रुवारी १९७९ मध्ये कोलोनला 'रॉकपालास्ट' या टीव्ही कार्यक्रमात बँडने भरगच्च मैफल केली. तीत 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट', 'लेडी रायटर', 'सिंगल-हँडेड सेलर', 'न्यूज', 'फॉलो मी होम' आणि 'व्हेअर डू यू थिंक यू आर गोइंग?' ही सगळी वाजवली, अल्बम यायच्या चार महिने आधी. जर्मन श्रोत्याला ही गाणी पहिल्या अल्बमच्या गाण्यांबरोबर एकाच रात्री, एकाच दमात मिळाली. त्यामुळे कोणता पहिला आणि कोणता दुसरा हा प्रश्न त्याला पडलाच नसावा. ते चित्रण आता सहज पाहायला मिळतं, जरूर पाहा. अंगावर साधे कपडे, चेहऱ्यावर अभिनय नाही, आणि मार्कची बोटं लाल गिटारवर अशी फिरताहेत की जणू बोलता बोलता शेंगा सोलतोय.

खरं सांगा, ही पहिल्याचीच नक्कल आहे का?

खरं सांगायचं तर आरोपात तथ्य आहे, आणि ते मी लपवणार नाही. 'लेडी रायटर' ऐका. 'सुल्तान्स'ची चाल, तसाच भरधाव बोलणारा गायक, ओळींच्या मध्ये तसेच गिटारचे फराटे. दोन्ही गाणी लागोपाठ लावली तर सख्खी भावंडं वाटतात. 'एंजल ऑफ मर्सी' माझ्या मते अल्बममधलं सगळ्यात कमी दमाचं गाणं. ते नसतं तरी चाललं असतं.

पण बाकीच्याचं काय? आपल्याकडे एकाच रागातल्या दोन बंदिशी कुणी गायल्या तर आपण त्याला नक्कल म्हणत नाही. स्वर तेच असतात, पण एकीत राग चालतो आणि दुसरीत बसतो. पहिला अल्बम चालणारा आहे, रस्त्याने, पावलांच्या आवाजासकट. 'कम्युनिके' बसलेला आहे. पहिल्याच गाण्यात, 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'मध्ये, ठेका जवळजवळ जमैकाच्या रेगे संगीताचा आहे. गिटार ओळ म्हणते, थांबते, पुन्हा म्हणते. सव्वापाच मिनिटांचं गाणं आणि कुठेही पोचायची घाई नाही.

'व्हेअर डू यू थिंक यू आर गोइंग?' सुरू होतं अगदी दबक्या आवाजात. निघून चाललेल्या बाईला एक माणूस विचारतोय, निघालीस कुठे? विनवणी आहे की धमकी, ते शेवटपर्यंत कळू देत नाही. मग शब्द संपतात, ठेका एकाएकी दुडक्या चालीवर येतो आणि गिटार एकटीच पुढे धावत राहते. माणसाला जे बोलता आलं नाही ते गिटार बोलते. असं गाणं पहिल्या अल्बमवर नाही.

'लेडी रायटर'मधली लेखिका कोण?

मरिना वॉर्नर यांना टीव्हीवर पाहून हे गाणं सुचलं असं मानलं जातं. गाण्यातली लेखिका टीव्हीवर कुमारी मेरीबद्दल बोलतेय, आणि वॉर्नर यांचं मेरीवरचं गाजलेलं पुस्तक १९७६ मध्ये आलं होतं. ऐकणाऱ्याला मात्र ती बाई बघून आपली जुनी प्रेयसी आठवते. पडद्यावरची विदुषी काय सांगतेय इकडे त्याचं लक्षच नाही.

'सिंगल-हँडेड सेलर' कुणाबद्दल आहे?

या प्रश्नाची मी वाटच बघत असतो.

सर फ्रान्सिस चिचेस्टर हे इंग्रज दर्यावर्दी. 'जिप्सी मॉथ ४' ही सुमारे ५४ फुटी शिडाची नौका घेऊन ते ऑगस्ट १९६६ मध्ये प्लिमथहून एकटे निघाले आणि वाटेत फक्त सिडनीला थांबून मे १९६७ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करून परतले. समुद्रावरचे दिवस २२६, वय ६५. नंतर त्यांची नौका लंडनला ग्रिनिचमध्ये, 'कटी सार्क' या जुन्या प्रचंड शिडाच्या जहाजाशेजारी कोरड्या गोदीत प्रदर्शनाला ठेवली गेली. ग्रिनिच डेप्टफर्डच्या अगदी शेजारी आहे. हे दृश्य बँडच्या रोजच्या वाटेवरचं.

नॉफ्लर त्या पराक्रमाची गाथा गात नाही. तो आपल्याला रात्री दोन वाजता गोदीपाशी नेतो. नदी अंधारात वाहतेय. छोटी जिप्सी मॉथ दोरांनी जखडलेली, वाऱ्यात थरथरतेय. शेजारी ते मोठं जहाज साखळदंडात गप्प पडलंय. आणि पर्यटकांसाठी लावलेल्या कठड्याला रेलून एक माणूस उभा आहे. बस. जग फिरून आलेली नौका आता बागेतल्या पुतळ्यासारखी उभी आणि तिच्याकडे बघणारा हा एकटा जीव. हळूहळू गाण्यातला तो माणूसच अंधारात शीड सोडून निघतो. त्यानंतर गिटार जे वाजते ते मी कितीही वेळा ऐकलं तरी घशाशी येतं.

आपल्या किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला हे गाणं आणखी जवळचं वाटायला हवं. कॅप्टन दिलीप दोंदे ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून एकटे निघाले आणि मे २०१० मध्ये प्रदक्षिणा पुरी करून मुंबईला परतले. असं करणारे ते पहिले भारतीय. त्यांची 'म्हादेई' गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेली, नाव गोव्याच्या नदीचं. पुढे अभिलाष टॉमी याच नौकेतून कुठेही न थांबता एकट्याने जग फिरून आले. दोंदे यांच्या परतीची बातमी वाचली त्या रात्री मी हे गाणं तीनदा लावलं होतं.

बाकीच्या गाण्यांत काय आहे?

'न्यूज'मध्ये जिवाशी खेळणारा एक हट्टी माणूस आहे. बायको समजावते, तो ऐकत नाही, आणि शेवटी तो स्वतःच एक बातमी होऊन उरतो. हे एका माजी बातमीदाराने लिहिलंय हे लक्षात ठेवून ऐका. 'कम्युनिके' या गाण्यात पत्रकार कुणा प्रसिद्ध माणसाच्या मागे लागले आहेत आणि तो तोंड उघडत नाही. 'पोर्टोबेलो बेल' लंडनच्या पोर्टोबेलो रोडच्या बाजारातल्या एका मुलीचं चित्र आहे, गिटारच्या खड्या झंकारावर रंगवलेलं, हसरं आणि हलकं.

बॉब डिलनचा या अल्बमशी काय संबंध?

अल्बममध्ये डिलन नाही, पण निर्माते सामाईक. १९७९ च्या वसंतात वेक्सलर आणि बेकेट मसल शोल्सला डिलनचा 'स्लो ट्रेन कमिंग' करत होते, आणि त्यावर गिटार मार्क नॉफ्लरची, ड्रम पिक विदर्सचे. तो ऑगस्टमध्ये निघाला. म्हणजे एप्रिल ते ऑगस्ट एवढ्या काळात श्रोत्यांना तीच गिटार तीन अल्बमांत भेटली. मधल्याचं काय होणार? पुढे १९८३ च्या 'इन्फिडेल्स'ची निर्मिती मार्कने डिलनबरोबर केली, पण तो वेगळा विषय.

डेव्हिड नॉफ्लरचा हा शेवटचा अल्बम का म्हणतात?

कारण तसंच आहे. १९८० मध्ये 'मेकिंग मूव्हीज'चं काम न्यूयॉर्कमध्ये चालू असतानाच तो बँड सोडून गेला. मूळ चौघे पूर्ण अल्बमभर एकत्र ऐकू येतात ते फक्त पहिल्या दोनवर. पुढे बँड मोठा होत गेला, कीबोर्ड आले, गाणी लांबली, मैदानं भरली. चार माणसांनी एका खोलीत बसून वाजवल्याचा हा आवाज परत आला नाही, आणि मला त्याची चुटपुट आहे.

ही गाणी मैफलीत जास्त चांगली झाली असं ऐकलं. खरं का?

एका गाण्याबद्दल हे अगदी खरं. १९८४ च्या 'अल्केमी' या मैफलीच्या अल्बमची सुरुवात 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'ने होते. लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनमधली जुलै १९८३ ची मैफल आहे ती. सव्वापाच मिनिटांचं गाणं तिथे तेरा मिनिटांचं झालंय. ज्यांना मूळ गाणं सपक वाटलं, त्यांनी हे ऐकून मत बदललेलं मी पाहिलंय.

पण याची दुसरी बाजूही आहे. १९८८ मध्ये निवडक गाण्यांचा 'मनी फॉर नथिंग' संग्रह निघाला. त्यात 'कम्युनिके'ची दोन गाणी घेतली: 'पोर्टोबेलो बेल' मैफलीतलं, आणि 'व्हेअर डू यू थिंक यू आर गोइंग?' वेगळ्या मिक्ससह. अल्बमवर जशी आहेत तशी एकही नाही. ज्या हजारो लोकांनी डायर स्ट्रेट्स त्या संग्रहातून ओळखला, त्यांच्यापर्यंत मूळ 'कम्युनिके' पोचलाच नाही.

तुम्हाला तो कसा भेटला?

कॅसेटमधून. मुंबईत काळा घोड्याला ऱ्हिदम हाउस होतं, २०१६ मध्ये बंद झालं. तिथे मी 'ब्रदर्स इन आर्म्स' घ्यायला गेलो आणि ती संपली होती म्हणून शेजारची उचलली. घरी आणून लावली आणि निराश झालो. पहिले काही आठवडे ती कपाटावर धूळ खात पडली.

मग एका पावसाळ्यात, रात्री उशिरा, झोप येईना म्हणून दुसरी बाजू लावली. वॉकमनचे सेल उतरत आले होते, त्यामुळे टेप किंचित संथ फिरत होती. 'सिंगल-हँडेड सेलर' नेहमीपेक्षा अर्धा स्वर खाली आणि सावकाश आलं. बाहेर पागोळ्या गळत होत्या. त्या रात्री मला ते पहिल्यांदा ऐकू आलं. ती कॅसेट अजून आहे. आतल्या कागदाच्या घड्या फाटल्यात, एकदा टेप बाहेर आली तेव्हा पेन्सिल घालून गुंडाळताना पडलेली सुरकुती 'न्यूज'च्या मधोमध आहे, आणि आज स्वच्छ प्रत ऐकताना त्या जागी आवाज दबला नाही की मला चुकल्यासारखं होतं.

नवख्याने कुठून सुरुवात करावी?

आधी पहिला अल्बम ऐकून लगेच हा लावू नका. १९७९ च्या श्रोत्यांचं जे झालं तेच तुमचं होईल. मध्ये महिनाभर जाऊ द्या. मग दुसऱ्या बाजूने सुरू करा, पण 'लेडी रायटर' सोडून. 'पोर्टोबेलो बेल', 'सिंगल-हँडेड सेलर', 'फॉलो मी होम' ही तीन गाणी सलग, रात्री, काम करत नसताना. गाडीत मात्र हा अल्बम मला कधी जमला नाही. हॉर्नच्या आवाजात यातल्या रिकाम्या जागाच नाहीशा होतात.

आता श्रोत्यांचं मत बदललंय का?

थोडं. बँडची सगळी तबकडी-मालिका ज्यांनी क्रमाने ऐकली आहे, त्यांच्यात याला मानणारे बरेच भेटतात, आणि त्यांचं आवडतं गाणं विचारलं की दहातले सात 'व्हेअर डू यू थिंक'चं नाहीतर 'सेलर'चं नाव घेतात, असा माझा अनुभव. अधूनमधून ऐकणाऱ्यांसाठी तो अजून "तो मधला"च आहे.

मी गिटार शिकतोय. यातलं कोणतं गाणं आधी बसवू?

'सेलर'च्या शेवटच्या वादनावर सगळ्यांची नजर असते, पण तिथून सुरू केलंत तर हात आखडेल. 'पोर्टोबेलो बेल'पासून करा. मार्क डावखुरा आहे पण गिटार उजव्या हाताची धरतो, आणि प्लेक्ट्रम (तार छेडायची छोटी पट्टी) न वापरता अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांनी तार छेडतो. तुम्हीही प्लेक्ट्रम बाजूला ठेवा. पहिला आठवडा फक्त अंगठ्याने खालच्या सुरांचा ठेका धरायचा, दोन बोटं नंतर येऊ द्यायची. एक तार छेडली की बोट तिच्यावर परत टेकवून आवाज बंद करायला शिका. या माणसाच्या वाजवण्यात सूर कधी थांबवायचा हे सूर लावण्याइतकंच मोलाचं आहे. पिक विदर्सचा ठेका लावून त्याच्याबरोबर वाजवा, आणि जिथे तो गप्प बसतो तिथे तुम्हीही गप्प बसा.